डोंगरावरची पॉलिसी आणि बाजारपेठेतला माल: ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’चा चार वर्षांचा अनुभव

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे एक छोटे दुकान आहे, दुकानाच्या मागे गोदाम आहे आणि शहरापासून १४ किलोमीटरवर, डोंगराच्या उतारावरच्या एका वाडीत, कोकम आगळ, अमसुले, आंब्याचा रस आणि फणसपोळी तयार करणारा कारखाना आहे. कायम कामावर सहा माणसे असतात. हंगामात हा आकडा वीस-बावीसपर्यंत जातो. एप्रिल २०२२ पासून या सगळ्याचा विमा आम्ही ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीखाली, एका स्थानिक विमा ब्रोकरच्या मार्फत उतरवत आलो आहोत. मधल्या काळात एक क्लेम झाला, चार नूतनीकरणांचे कागद डोळ्यांखालून गेले, आणि पॉलिसी व ती विकणाऱ्याची सेवा या दोन्हींबद्दल काही मते बनली. कोकणातल्या माझ्यासारख्या लहान उद्योजकांना त्यांचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आधी २०२१ सालाबद्दल सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आमच्या गोदामात त्या हंगामाचे जवळजवळ सगळे आगळ भरून ठेवलेले होते. पाणी ओसरल्यावरही शटर उघडेना. आगळाची निळी पिंपे पाण्यावर तरंगत पुढे आली होती आणि पाणी उतरताना शटरला आतून टेकून एकावर एक बसली होती. शेवटी शेजारच्या दुकानाच्या सामाईक भिंतीतले चार चिरे काढून आत शिरावे लागले. खाली घोट्यापर्यंत गाळ होता आणि त्या गाळाला आगळाचा आंबट, तांबडा वास येत होता.

विमा आमच्याकडे तेव्हाही होता. कॅश क्रेडिटचे, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसे उचलायचे कर्ज घेताना बँकेनेच तो उतरवला होता, हप्ता दरवर्षी खात्यातून परस्पर वळता होत होता आणि पॉलिसीची प्रत बँकेच्या फायलीत होती. ती मी प्रथम वाचली ती पुरानंतर आठव्या दिवशी. ‘जोखमीचे ठिकाण’ या रकान्यात फक्त कारखान्याचा पत्ता होता. जिथे पाणी पोचणे शक्यच नव्हते, त्या डोंगरावरच्या मालाला पुराचे संरक्षण होते आणि जिथे २००५ सालीही पाणी आले होते, त्या बाजारपेठेतल्या गोदामाचा उल्लेखही नव्हता. क्लेम नामंजूर झाला. विमा कंपनीने कागदाला धरूनच निर्णय दिला, त्यामुळे तिच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. राग आला तो बँकेच्या बेफिकिरीचा आणि त्याहून अधिक स्वतःच्या आळसाचा, कारण दर महिन्याला बँकेला जे स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचे पत्रक, मी सहीनिशी देत होते, त्यात गोदामाचा पत्ता ठळकपणे असे. एकाच बँकेच्या दोन टेबलांवरच्या दोन कागदांची कधी गाठच पडली नव्हती.

आता पॉलिसीकडे वळते. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना तीन प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले: घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’, एका ठिकाणच्या मालमत्तेचे एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ५ कोटींच्या वर ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. यांतल्या ‘सूक्ष्म’ या शब्दाने अनेकांचा गोंधळ होतो. उद्यम नोंदणीतला, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीतला, सूक्ष्म उद्योग हा गुंतवणूक आणि उलाढाल यांवरून ठरतो (१ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा अनुक्रमे अडीच कोटी आणि १० कोटी आहे), तर या पॉलिसीतला ‘सूक्ष्म’ हा केवळ त्या ठिकाणी असलेल्या इमारत, यंत्रे आणि माल यांच्या मूल्यावरून ठरतो. त्यामुळे नोंदणी नसलेला किराणा दुकानदारही ती घेऊ शकतो.

प्रमाणित पॉलिसीचा मोठा फायदा असा, की मूळ मजकूर सगळ्या कंपन्यांचा एकसारखा असतो. आग, वीज पडणे, स्फोट, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी तुंबणे, जमीन खचणे, दरड कोसळणे, दंगल हे सगळे मूळ पॉलिसीतच येते. कोकणात दरड आणि पूर वेगळे मागून घ्यावे लागत नाहीत, ही गोष्ट लहान नाही. अशी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत तिथून झालेली चोरीदेखील यात धरली जाते. चिपळूणच्या पुरानंतर उघड्या दुकानांतून काय काय नाहीसे झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कलमाची किंमत कळेल. इमारत आणि यंत्रे यांची भरपाई नव्याने उभारण्याच्या खर्चाच्या हिशेबाने मिळते, म्हणजे जुन्या पल्परची (फळांचा गर काढणाऱ्या यंत्राची) किंमत घसारा वजा करून हातावर ठेवली जात नाही. मात्र त्यासाठी विमाही नव्या यंत्राच्या किमतीचा उतरवलेला हवा आणि यंत्र खरोखर बदललेले किंवा दुरुस्त केलेले हवे.

मजकूर चांगला आहे, यात शंका नाही. माझ्या अनुभवाने ही पॉलिसी बसते किंवा फसते ती तिला जोडलेल्या तक्त्यावर, ज्याला सगळे ‘शेड्यूल’ म्हणतात. कोणते ठिकाण, कोणते बांधकाम, कोणत्या वस्तूची किती रक्कम, हे तिथे लिहिलेले असते आणि ते आपणच सांगितलेले असते. निदान तशी समजूत असते.

यातला सर्वांत अवघड रकाना मालाच्या रकमेचा. आमच्याकडे आलेल्या दोन एजंटांनी आणि बँकेनेही ती रक्कम ३१ मार्चच्या ताळेबंदातून उचलली होती. वरवर पाहता हे बरोबर वाटते, कारण तो आकडा सनदी लेखापालाने तपासलेला असतो. पण कोकणातल्या फळप्रक्रियेत ३१ मार्च हा वर्षातला सर्वांत रिकामा दिवस असतो. गेल्या हंगामाचा माल विकून संपत आलेला असतो आणि नवी कोकमे अजून झाडावर असतात. एप्रिलपासून खरेदी सुरू होते, मे महिन्यात आंबा आणि कोकम दोन्ही एकदम येतात, मृगाचा पाऊस लागेपर्यंत जेवढे जमेल तेवढे उरकायचे असते, आणि जूनअखेरीस गोदामात पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे वर्षातला सर्वाधिक साठा आणि वर्षातला सर्वाधिक पाऊस नेमके एकाच वेळी गोदामात भेटतात. ताळेबंदावरून विमा उतरवणारा माणूस आपल्या सर्वांत सुरक्षित दिवसाचा विमा उतरवत असतो.

याचा परिणाम केवळ जास्तीचे नुकसान स्वतः सोसण्यापुरता राहत नाही. समजा, गोदामात १८ लाखांचा माल आहे, विमा १० लाखांचा आहे आणि त्यातला ६ लाखांचा माल भिजला. नुकसान विम्याच्या रकमेच्या आतच आहे, तेव्हा ६ लाख मिळतील, असे कोणालाही वाटेल. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी पाठवते तो माणूस, मात्र ६ लाखांना १० ने गुणतो, १८ ने भागतो आणि ३ लाख ३३ हजारांवर येऊन थांबतो. सर्व्हेअरांच्या भाषेत याला ‘अ‍ॅव्हरेज लावणे’ म्हणतात. जितका विमा कमी, तितक्या प्रमाणात प्रत्येक रुपयाचे नुकसान आपले स्वतःचे. कमतरता १५ टक्क्यांपर्यंत असेल तर या पॉलिसीत ती सोडून दिली जाते. पण जूनमधल्या आणि मार्चमधल्या साठ्यातला फरक १५ टक्क्यांचा नसतो, तो तिपटी-चौपटीचा असतो.

आमच्या ब्रोकरने यावर जो उपाय सुचवला, त्यासाठी मी त्याला पूर्ण गुण देते. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याने ताळेबंद मागितलाच नाही. तीन वर्षांची मासिक स्टॉक स्टेटमेंटे मागितली आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा हिरव्या पेनाने गोल केला. तो जुलैचा होता. त्या आकड्यावर १० टक्के वाढवून मालाची रक्कम ठरली. कारखाना आणि गोदाम यांत माल सतत इकडून तिकडे जात असल्याने दोन्ही ठिकाणे मिळून एकच रक्कम धरणारे ‘फ्लोटर’ संरक्षण थोडा जादा हप्ता भरून घेतले. पॉलिसीची तारीखही जुलैवरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यावर आणली, कारण ऐन पावसात नूतनीकरण राहून गेले तर काय होते, याची उदाहरणे बाजारपेठेत पुरेशी होती. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता हाती आल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरूच होत नाही. ‘चेक उद्या देतो’ हे वाक्य विम्यात चालत नाही. हंगाम अपेक्षेपेक्षा मोठा झाला, तर मधेच एन्डॉर्समेंटने, म्हणजे चालू पॉलिसीत लेखी बदल करून, रक्कम वाढवता येते, आणि २०२३ च्या मे महिन्यात आम्ही ती वाढवलीही.

ब्रोकर आणि एजंट यांतला फरक मला तेव्हाच कळला. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो. ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो, त्याला अनेक कंपन्यांचे दर मागवता येतात आणि क्लेमच्या वेळी आपल्या बाजूने कागद मांडणे हे त्याच्या कामात येते. त्याचे कमिशन कंपनी देते, म्हणून त्याची स्वतंत्र फी आम्हांला पडली नाही. (कमिशन कंपनीचे आणि निष्ठा ग्राहकाशी, ही रचना विचित्र आहे, पण ती तशी आहे.) गोदामात आल्यावर त्याने आधी भिंतीवरची पुराची खूण टेपने मोजली, मग फळ्यांच्या मांडणीची उंची मोजली आणि म्हणाला, “वहिनी, विमा मी देतो, पण अमसुलांची पोती वरच्या माळ्यावर आणि काचेच्या बाटल्या खाली ठेवा. बाटली धुता येते, अमसूल धुता येत नाही.” हप्ता वाचवणारी नव्हे, पण माल वाचवणारी ही सूचना होती. ती आम्ही पाळतो.

एकूण विमा रक्कम १ कोटी १२ लाखांची आहे आणि १८ टक्के जीएसटी धरून वार्षिक हप्ता २१ हजारांच्या आसपास येतो. महिन्याला पावणेदोन हजार. कारखान्याच्या एका आठवड्याच्या जळणालाही यापेक्षा अधिक लागतात.

आता क्लेमबद्दल. जून २०२४ मध्ये एका रात्री वावटळ झाली आणि कारखान्यातल्या ड्रायर शेडचे पत्रे कैच्यांसकट, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यासकट, उचलले गेले. सकाळी पाहिले तेव्हा दोन पत्रे पलीकडच्या काजूच्या बागेत उभे रोवल्यासारखे दिसत होते. ड्रायरमध्ये रसाची पुटे देऊन अर्धवट वाळलेली अमसुले होती. ती रात्रभर पावसात भिजून ट्रेमध्ये पुन्हा कोकमाच्या सालीसारखी फुगली होती. दहा वाजायच्या आत ब्रोकरला आणि कंपनीला ईमेल गेला, सोबत छायाचित्रे गेली. सर्व्हेअर चौथ्या दिवशी आला.

त्याने विचारलेला पहिला प्रश्न महत्त्वाचा होता: आधी पत्रे उडाले आणि मग पाणी आले, की छप्पर आधीपासून गळत होते? वादळाने छप्पर फोडून आत आलेल्या पावसाची भरपाई होते. नुसत्या गळतीची, झिरपण्याची होत नाही. आमच्याकडे मे महिन्यात छपराची डागडुजी केल्याचे बिल होते, त्यामुळे हा प्रश्न पाच मिनिटांत मिटला. शेजारच्या वाडीतल्या एका उद्योजकाकडे असे बिल नव्हते आणि त्याचा वाद तीन महिने चालला. पावसाळ्याआधी शाकारणी कोकणात प्रत्येक जण करतो, पण शाकारणीचे बिल फार थोडे जण घेतात.

आम्ही एकूण ३ लाख ४२ हजारांचा दावा केला होता. पत्रे आणि कैच्या यांचे १ लाख ३८ हजार मागितले होते. मोडीत निघणाऱ्या लोखंडाचे १२ हजार वजा होऊन १ लाख २६ हजार मंजूर झाले. ट्रे आणि ड्रायरचे नियंत्रण पॅनेल यांचे ६४ हजार मागितले, ५८ हजार मिळाले. अमसुलांचे ९२ हजार मागितले होते, त्यांचे ७१ हजार झाले, आणि इथे चूक आमची होती: आम्ही विक्रीचा भाव लावला होता. उत्पादकाच्या मालाची भरपाई ही त्याला तो माल पडला त्या खर्चाने होते, त्यात नफा येत नाही. मात्र नष्ट झालेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली सूट) परत करावे लागते, आणि ती रक्कम मालाच्या विमा रकमेत धरून ठेवली असेल तरच मागता येते, ही गोष्ट आमच्या लेखापालाला माहीत होती, ब्रोकरला नव्हती. ढिगारा हलवण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. आम्ही तो मागितलाच नाही, कारण गड्यांना रोखीने दिलेल्या मजुरीची एकही पावती ठेवली नव्हती.

चौथी बाब ४८ हजारांची होती आणि तिचा एक रुपयाही मिळाला नाही. शेडच्या मागच्या बाजूला पावसाळ्यापुरता आम्ही बांबू, झावळ्या आणि प्लास्टिकचा मांडव घालतो. फळांचे क्रेट उतरवणे, निवडणे हे काम तिथे चालते. पॉलिसीच्या भाषेत हे ‘कच्चे बांधकाम’. लाकडी फळ्या, बांबू, गवत, झावळ्या, प्लास्टिकचे कापड यांच्या भिंती किंवा छपरे असलेले बांधकाम कच्चे धरले जाते आणि ते आधी सांगून, त्याचा वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौले यांना काही हरकत नसते, ही त्यातल्या त्यात कोकणी माणसाला दिलासा देणारी बाब. ब्रोकरने पहिल्या वर्षी मला स्पष्ट विचारले होते, “पाठीमागे मांडव घालता का?” आणि मी म्हणाले होते, “तो काय, दोन महिन्यांचा असतो, तो कशाला लिहायचा?” वावटळ त्याच दोन महिन्यांत आली.

प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची ठरलेली वजावट जाऊन २ लाख ५० हजार रुपये ६७ व्या दिवशी जमा झाले. मात्र ते चालू खात्यात आले नाहीत. पॉलिसीवर बँकेचे नाव आणि बँक क्लॉज, म्हणजे भरपाई आधी बँकेला देण्याचे कलम, असल्यामुळे रक्कम कॅश क्रेडिटच्या खात्यात गेली आणि तिथली बाकी तेवढी कमी झाली. हिशेबात फरक पडत नाही. पण पत्रेवाल्याला रोख द्यायचे असताना ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी. ६७ दिवस फार झाले, असे माझे मत आहे. त्यातले निम्मे दिवस सर्व्हेअरने एकेक कागद सुटा मागण्यात गेले: आज खरेदीची बिले, पुढच्या आठवड्यात उत्पादनाची नोंदवही, त्यानंतर हवामानाचा तपशील. यादी एकदम मिळाली असती तर दोन दिवसांत सगळे दिले असते. ब्रोकरने ती यादी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती, कारण ती दर क्लेमला जवळजवळ तीच असते. क्लेमच्या काळात त्याचा फोन लागणे हे एक वेगळेच दिव्य होते. वादळाच्या आठवड्यात त्याचे सगळेच ग्राहक एकदम फोन करणार, हे उघड आहे, पण मग कार्यालयात दुसरा माणूस असायला हवा.

मांडवाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नव्हते. तरी ज्यांना कंपनीचा निर्णय अन्यायाचा वाटतो, त्यांनी हे लक्षात ठेवावे, की एकल मालकीचा व्यवसाय किंवा सूक्ष्म उद्योग यांनाही विमा लोकपालाकडे जाता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, एक महिना वाट पाहायची, उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर वर्षाच्या आत लोकपालाकडे अर्ज करायचा. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्याचा विचार तिथे होतो.

पॉलिसीत काय येत नाही, हे विक्रीच्या वेळी कोणीच मोठ्याने वाचत नाही, म्हणून आमच्या धंद्याशी संबंधित तेवढे सांगते. वीज गेल्यामुळे किंवा कॉम्प्रेसर बिघडल्यामुळे शीतगृहातला आंब्याचा रस खराब झाला, तर ही पॉलिसी काही देत नाही. त्यासाठी यंत्रबिघाडाची आणि साठा खराब होण्याची अशा वेगळ्या पॉलिसी लागतात. आमच्यासारख्यांना हा धोका आगीपेक्षा अधिक खरा आहे, कारण मे महिन्यात वळवाच्या एका सरीने वाडीतली वीज दोन दिवस जाते. काजूवाल्यांनी आणखी एक कलम पाहावे. काजूच्या टरफलांत तेल असते, आणि ढिगात आपोआप उष्णता वाढून पेट घेतला, तर त्या पेटलेल्या मालाचे स्वतःचे नुकसान मूळ पॉलिसीत वगळलेले असते. ते वाढीव संरक्षण म्हणून मागावे लागते. टेम्पोने वाशीला निघालेला माल परशुराम घाटात किंवा कशेडीत उलटला, तर तो वाहतूक विम्याचा विषय. हंगामी बायका कामावर असतात, त्यांना इजा झाल्यास मालकावर कायद्याने येणारी भरपाईची जबाबदारी, हा आणखी एक वेगळा कागद. आणि त्यात मजुरी खरी दाखवली नसेल तर तो कागद नसल्यातच जमा.

सर्वांत मोठी उणीव मात्र बुडालेल्या नफ्याची आहे. पत्रे उडाल्यावर ड्रायर १९ दिवस बंद होता, ते दिवस कोकमाचे शेवटचे होते, आणि त्या १९ दिवसांत न बनलेली अमसुले पुढच्या मेपर्यंत बनणार नव्हती. पत्र्यांचे पैसे मिळाले. गेलेल्या हंगामाचे मिळाले नाहीत. त्यासाठी व्यवसायखंडाची पॉलिसी असते, तिला जुनी माणसे अजून ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ म्हणतात. तिच्यात भरपाईचा कालावधी निवडावा लागतो. बाराही महिने सारखा चालणाऱ्या कारखान्याला तीन महिने पुरतील. एका हंगामावर वर्ष काढणाऱ्याला १२ महिन्यांपेक्षा कमी घेऊन उपयोग नाही. आमच्या ब्रोकरने चार वर्षांत हा विषय स्वतःहून एकदाही काढला नाही, आणि त्याच्या सेवेबद्दल माझी ही सर्वांत मोठी तक्रार आहे. दुसरी तक्रार भाषेची. माझ्या हातात आलेली पॉलिसी इंग्रजीत होती, तिचा मराठी गोषवारा मागितला तर दोन पानांची जाहिरात आली.

तरीही ब्रोकर बदललेला नाही. गोदामात येऊन टेप लावणारा दुसरा अजून भेटलेला नाही, आणि कंपनी कोणतीही असली तरी मूळ मजकूर तोच असल्याने निवड खरे म्हणजे माणसाचीच करायची असते. ज्यांचा माल एकाच ठिकाणी, वर्षभर साधारण सारखा असतो, अशा हार्डवेअरच्या किंवा कापडाच्या दुकानदाराला ही पॉलिसी थेट कंपनीकडून घेऊनही चालेल. ज्यांचा माल हंगामाबरोबर फुगतो आणि दोन-तीन ठिकाणी विखुरलेला असतो, त्यांनी ती एकट्याने भरू नये, आणि बँकेवर तर सोडूच नये.

यंदाचे कोटेशन गेल्या आठवड्यात आले आहे. १२ महिन्यांच्या कालावधीची लॉस ऑफ प्रॉफिटची वेगळी ओळ आता मागून घेतली आहे. कच्च्या बांधकामाच्या रकान्यात ‘बांबू व प्लास्टिक, जून ते ऑगस्ट’ असे नीट लिहिलेले आहे. गोदामाचे नदीपासूनचे अंतर मात्र त्यांनी ४०० मीटर टाकले होते. मुलाला सोबत घेऊन मी ते टेपने मोजले. १८५ मीटर भरले. तेवढा आकडा दुरुस्त करून, मोजणीच्या छायाचित्रांसह, कागद काल परत पाठवला आहे. हप्ता थोडा वाढेल.